समान मोकळे तास

तिला प्रत्येक घरात वेगळं नाव होतं. शिंपीकाका तिला ‘पोरी’ म्हणायचे, मास्तर ‘बाई’ म्हणायचे आणि निवृत्त सिस्टर तिला तीन वर्षं झाली तरी ‘नवीन’ म्हणायच्या. घरी ती सूनबाई होती. आपणही तिला सूनबाईच म्हणू, कारण दिवसभर ती परक्यांसाठी जे करत होती ते तिला खरं तर आपल्या सासूसाठी करायचं होतं, आणि नेमकं तिथेच घोडं अडलं होतं.

काम असं, की म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, त्यांना अंघोळ घालायची, कपडे बदलायचे, औषधं द्यायची, चार गोष्टी ऐकून घ्यायच्या आणि निघायचं. प्रत्येक घरी दीड तास. शिंपीकाका सकाळी आठला, मास्तर साडेअकराला, सिस्टर चारला. दारात पोचलं की फोनवर ‘आत’ दाबायचं, निघताना ‘बाहेर’. पगार आत आणि बाहेरच्या मधल्या वेळेचा. बाहेर पडल्यापासून पुन्हा आत जाईपर्यंतच्या वेळेचं काय, हे ऑफिसने सांगितलं नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. एकूण साडेचार तास काम आणि पाच तास ताटकळणं. म्हणजे नोकरी खरी ताटकळण्याचीच होती, अंघोळी मधल्या सुटीत व्हायच्या.

तिन्ही घरं एकमेकांपासून दहा-पंधरा मिनिटांवर, पण तिचं स्वतःचं घर दोन बस बदलून सव्वा तासावर. मधे घरी जाऊन येणं म्हणजे जाऊन दाराला हात लावून परतणं. मग ती बँकेत बसायची. टोकन घ्यायची, आपला नंबर आला की भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागायची आणि थोड्या वेळाने दुसरं टोकन घ्यायची. रखवालदाराला सगळं ठाऊक होतं. एकदा तर त्याने जवळ येऊन, “आज साहेब स्वतः फिरतायत, जरा जपून,” असं हळूच सांगितलं होतं. कोपऱ्यावरच्या सोफ्यांच्या दुकानात तिने इतके सोफे बसून पाहिले होते, की एका गिऱ्हाइकाने मालकाला सोडून तिलाच विचारलं, कुठला घेऊ. तिने सांगितला तोच त्याने घेतला. तेव्हापासून मालकही तिला काही बोलत नव्हता.

वेळा अशा का, याला तसं काही कारणच नव्हतं. कधीकाळी ऑफिसने प्रत्येकाला फॉर्म दिला होता आणि त्यात विचारलं होतं, आपल्याला सोयीची वेळ कोणती. शिंपीकाकांनी आठ लिहिलं, कारण दुकान ते आठला उघडायचे. मास्तरांनी साडेअकरा लिहिलं. सिस्टरनी चार लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मधल्या वेळात अंघोळ घालणारी बाई कुठे जाईल, असा रकाना फॉर्ममध्ये नव्हता.

इकडे घरी सासूबाई एक्याऐंशीच्या. गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले आठ दिवस घरी. सूनबाई संध्याकाळी पावणेसातला घरी पोचायची आणि मग सासूबाईंची अंघोळ. तोवर त्या पारोशा बसून राहायच्या आणि आल्या-आल्या ऐकवायच्या, “आलीस? जगाची धुणी झाली असतील तर माझ्याकडे बघ.” मागच्या महिन्यात त्यांनी एकटीनेच अंघोळ करायचं धाडस केलं आणि मोरीत घसरल्या. लागलं फारसं नाही, पण बातमी नणंदेपर्यंत गेली. नणंद फोनवर आरडाओरडा करणाऱ्यांतली नाही. ती शांतपणे बोलते, ते जास्त वाईट.

“वहिनी, एक तारखेला मी येतेय,” ती म्हणाली. “दुपारी तीनच्या आत तू घरी असलीस तर ठीक. नसलीस तर आईला मी घेऊन जाते. तुझा दोष नाही, पण असं चालायचं नाही.”

नणंदेचं घर चौथ्या मजल्यावर, जिना अरुंद. एकदा वर गेलेली म्हातारी पुन्हा खाली उतरायची नाही, हे तिघींनाही कळत होतं. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. सूनबाईने ताट उचललं आणि तिला स्वतःचीच गंमत वाटली. बावीस वर्षं जिच्याशी मिठावरून वाद घातला, ती जाणार म्हटल्यावर स्वतःचं ताटही वाढून घ्यावंसं वाटत नव्हतं.

तिने ऑफिसला फोन केला. ऑफिसातली मुलगी गोड होती. तिने सांगितलं, वेळ बदलायची असेल तर पेशंटने स्वतः कळवायला हवं, आणि एक पेशंट महिन्यातून एकदाच बदल करू शकतो. “त्यापेक्षा जास्त सिस्टिम घेत नाही, ताई.”

त्याच आठवड्यात एकदा बँक बंद होती आणि सोफ्यांच्या दुकानाला रंग लागत होता. सूनबाई दहालाच मास्तरांच्या जिन्यात, त्यांच्या दाराबाहेरच्या पायरीवर जाऊन बसली. थोड्या वेळाने तिला खोकला आला.

“कोण आहे?” आतून मास्तर.

“मी आहे, मास्तर. अजून वेळ झाली नाही.”

“मग आत येऊन बसा.”

“फोनवर दाबल्याशिवाय आत यायचं नाही, असा नियम आहे. आणि साडेअकराच्या आधी दाबलं तर तो घेत नाही.”

मास्तर काठी टेकत दारापर्यंत आले, दार उघडून उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून बसले. ती बाहेर पायरीवर. अशा बैठकीत तिने त्यांना पहिल्यांदाच सगळं सांगितलं: आठ, साडेअकरा, चार, दोन बस, नणंद, एक तारीख. मास्तर ऐकताना ताठ होत गेले. शाळेत तीस वर्षं वेळापत्रक त्यांनी बनवलं होतं. बावीस वर्ग, एकतीस शिक्षक, चित्रकलेला एकच खोली. एका वर्षी नऊ शिक्षक एकदम गोवराने आडवे झाले, तरी एकही वर्ग मोकळा राहिला नव्हता. आणि गेली अकरा वर्षं त्यांना वेळापत्रक म्हणून कुणी कागदाचा कपटासुद्धा मागितला नव्हता.

“बाई,” ते म्हणाले, “तीन वर्ग आणि एक शिक्षक. हे काय वेळापत्रक आहे? हे तर मी झोपेत करीन. तुम्ही निर्धास्त राहा.”

सूनबाई निर्धास्त राहिली, इथेच चुकलं.

दोन दिवसांनी सकाळी फोनवर नवी वेळ आली. शिंपीकाका आठ, सिस्टर चार, मास्तर बारा. तिने फोन पुसून पुन्हा बघितला. बाराला मास्तरांकडे पोचली तेव्हा मास्तर चौकटीचा कागद मांडीवर घेऊन वाटच बघत होते. तीन रंगांच्या पेन्सिली, पट्टीने मारलेल्या रेघा, शिंपीकाका निळे, ते स्वतः हिरवे, सिस्टर लाल. मधल्या दोन पट्ट्या सुरेख पिवळ्या.

“बघा,” मास्तर म्हणाले. “मूळ दोष कुठे होता सांगू? तुमचा एक मोकळा तास दोन तासांचा होता आणि दुसरा तीनचा. हा सरळ अन्याय आहे. मी माझी वेळ अर्ध्या तासाने पुढे नेली. आता दोन्ही मोकळे तास समान. अडीच-अडीच. ऑफिसला मी स्वतः फोन करून कळवलं, एका मिनिटात झालं.”

सूनबाईने कपाळाला हात लावला. रागावावं तर म्हाताऱ्याने दोन दिवस जीव ओतलेला दिसत होता.

“मास्तर, मला मोकळा तास नकोच आहे.”

“असं कसं? मोकळ्या तासाशिवाय शिक्षक टिकत नाही. माझ्या एकतीस शिक्षकांना रोज एक मोकळा तास मिळावा म्हणून मी हेडमास्तरांशी दोन वर्षं भांडलोय.”

“त्या तासाचा पगार मिळायचा ना त्यांना?”

“म्हणजे काय? पगार तो पगार.”

“मला नाही मिळत. बाहेर दाबलं की बंद.”

मास्तरांनी पिवळ्या पट्ट्यांकडे पाहिलं. मग तिच्याकडे. “पण तुम्ही तर इथेच असता. जिन्यात. आमच्यासाठीच थांबलेल्या असता.”

“हो.”

“आणि मी ते पाच तास समान वाटले,” मास्तर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा पडला की सूनबाईलाच त्यांची समजूत घालावी लागली. तिने आधी ऑफिसला फोन लावला. गोड मुलगी म्हणाली, मास्तरांचा या महिन्याचा बदल होऊन गेला, आता एक तारखेनंतर. हातात फक्त सिस्टर उरल्या. त्यांनी सकाळी दहाची वेळ घेतली तरच सूनबाई तीनच्या आत घरी पोचणार होती.

आणि सिस्टर म्हणजे सिस्टर. चारच्या आधी अंघोळ नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं होतं. चाळीस वर्षं वॉर्डात सकाळच्या घाईत त्यांनी लोकांना अंघोळी घातल्या होत्या, अर्ध्या पाठीला साबण आणि अर्ध्या पाठीला आशीर्वाद. आपली अंघोळ तशी व्हायची नाही, हा त्यांचा पण होता.

“नंबर द्या,” मास्तर म्हणाले. सूनबाई तोवर त्यांची दाढी करायला बसली होती. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस. फोन त्यांनी मोठ्या आवाजावर ठेवला.

“नमस्कार. मी वेळापत्रकासंदर्भात बोलतोय,” मास्तरांनी वर्गातला आवाज काढला. “आपल्याला दहा वाजता घेण्यात येत आहे.”

“कोण घेतंय मला?” पलीकडून सिस्टर. “मी चाळीस वर्षं ड्यूटी लावलीय लोकांच्या. माझी लावणारा अजून जन्माला यायचाय.”

“बाई, शिस्त म्हणून काही...”

“शिस्त मला शिकवू नका. तुमचा आवाज फेसातून येतोय. आधी दाढी पूर्ण करा.”

मास्तरांना तोंडात मारल्यासारखं झालं. तीस वर्षांत कुणी त्यांना असं गप्प बसवलं नव्हतं. फोन ठेवायला त्यांचा हात गेला, तेव्हा सूनबाईने वस्तरा वाडग्यात टाकला आणि फोन आपल्याकडे ओढला. आजवर ती सिस्टरशी पाणी गरम आहे का यापलीकडे बोललेली नव्हती.

“सिस्टर, मी बोलतेय. वेळ मला हवीय. माझ्या सासूबाई रोज रात्र पडेपर्यंत पारोशा बसतात. मी इथे बँकेत टोकन घेऊन बसते आणि त्या तिथे. तीनच्या आत घरी गेले नाही तर एक तारखेला त्यांना घेऊन जाणार आहेत.”



“वय?” सिस्टरनी विचारलं.

“एक्याऐंशी.”

“पाठीला चट्टे?”

“नाहीत अजून.”

“अजून म्हणजे काय? बसून बसून होतीलच.” “मला सांग, नवीन, माझ्याकडे चारला येतेस ती जेवून येतेस का?”

“डबा असतो. सोफ्याच्या दुकानात खाता येत नाही, म्हणून बसथांब्यावर.”

“आमची पुढच्या पाळीची रिलीव्हर उशिरा यायची,” सिस्टर म्हणाल्या. आवाज तोच कडक, पण सावकाश झालेला. “ड्यूटी संपलेली, आणि वॉर्ड सोडता यायचा नाही. ते तास कुठे मांडलेले नाहीत. माझी मुलगी पाळणाघराच्या पायरीवर बसलेली असायची, शेवटची. ती आता बोलत नाही त्याबद्दल. मीच बोलते.” मग एकदम, “दहा. एक तारखेपासून दहा म्हणजे दहा. आणि पूर्ण पाठीला साबण. ऑफिसला मी सांगते. त्या मास्तरांना म्हणावं, विचारायची एक पद्धत असते.”

मास्तरांनी मान हलवली. सूनबाईने दुसरा गाल करायला घेतला, पण वस्तऱ्याऐवजी ब्रशच उचलला, म्हणून मास्तरच म्हणाले, राहू दे जरा, मी थांबतो.

एक तारखेला दीड वाजता मास्तरांकडून निघून सूनबाईने पहिली बस पळत गाठली आणि दुसरी समोरून गेलेली बघितली. त्यानंतरच्या बसमध्ये ती उभीच राहिली, बसायला जागा असून. तीनला पाच कमी असताना तिने घराचं दार ढकललं. नणंद आधीच आलेली होती, पायाशी कपड्यांची रिकामी पिशवी. तिने घड्याळाकडे पाहिलं.

सूनबाईने पदर खोचला, पाणी तापत ठेवलं आणि सासूबाईंच्या खोलीत गेली. “चला आई, अंघोळीला.”

सासूबाई कुशीवर पडल्या होत्या. डोळे न उघडता म्हणाल्या, “आत्ता नको. चारला बघू.”

“आई, अहो तीनसाठी मी...”

“मी झोपलेय.”

नणंद दारात येऊन उभी राहिली. “आई, वहिनी धावत आलीय. सगळ्यांच्या वेळा बदलून आलीय. आणि तू आता चारला म्हणतेस? तिने काय नुसतं बसून राहायचं का?”

“हो,” सासूबाई म्हणाल्या.

मग त्यांनी डोळे उघडले. “झोप कसली येतेय. सकाळी साडेसहाला ही जाते आणि घरात आवाज म्हणून नसतो. घड्याळसुद्धा मेलं बॅटरीचं, वाजत नाही. अंघोळीचं काय, अंघोळ सातला झाली तरी मी मरत नव्हते. तू आता इथे बस, सूनबाई. काहीतरी निवड, भांडं आपट, खोक, काहीही कर. मला घटकाभर घरात कुणी आहे हे ऐकत पडायचंय.”

सूनबाई पलंगाच्या कडेला बसली. काय करावं तिला सुचेना, म्हणून तिने कोपऱ्यातली धुतलेल्या कपड्यांची टोपली पुढे ओढली आणि घड्या घालायला लागली. सासूबाईंनी डोळे पुन्हा मिटले. नणंद थोडा वेळ उभी राहिली, मग तिनेही एक चादर उचलली आणि दोघींनी तिची टोकं धरली.

अंघोळ त्या दिवशी साडेचारला झाली. पाणी दोनदा तापवावं लागलं.