कंबर आत घेताना

मी एक जुनी टेप आहे, कपड्यांची मापं घेणारी. माझे काही आकडे पुसट झाले आहेत, पण मी कधी खोटं बोललेली नाही. मित्रांनो, त्याच खरेपणाची आज मला लाज वाटते.

माझ्या बाई घरीच शिवणकाम करायच्या. दिवसभर मी त्यांच्या गळ्यात. पोट आत ओढून उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकांची मला मोठी गंमत वाटे. बाईंना एक मुलगी होती. हुशार, पण वहीत एक खाडाखोड झाली तरी अख्खं पान फाडणारी. मावशी तिला सगळ्यांदेखत ‘गोलू’ म्हणायची. सगळे हसायचे, तीही हसायची आणि मग भूक नाही म्हणायची.

कॉलेजात गेल्यावर ती गच्चीवर दोरीच्या उड्या मारू लागली. एक उडी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. अंगात ताप असला तरी सुट्टी नाही.

दर महिन्याला ती ड्रेस घेऊन यायची. “आई, सैल झालाय गं.” बाई मला तिच्या कंबरेभोवती धरायच्या, दोन टिपा मारायच्या की ड्रेस पुन्हा अंगाबरोबर. गिऱ्हाइकं म्हणायची, “काय फिगर आहे हो पोरीची!” बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढे. पोरीच्या अंगावरचं उतरत होतं, ते त्यांच्या सफाईदार हातामुळे कुणाला दिसलंच नाही.

एके दिवशी ती जिन्यात कोसळली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “कधीपासून असं चाललंय?” घरी येऊन बाईंनी मापांची वही उघडली. प्रत्येक महिन्याची कंबर त्यांच्याच अक्षरात लिहिलेली होती. त्या ढसाढसा रडल्या.

आता मुलगी घरी आहे, पण बरी नाही. चार घासांना तिला तास लागतो. परवा तिने मला गुपचूप दंडाभोवती गुंडाळलं. आकडा पाहून तिला हायसं वाटलं आणि मला रडू आलं. तेवढ्यात बाई आल्या.

“दे ती इकडे.”

“एकदाच बघितलं गं आई.”

“माझंच चुकलं, बाळा.”

त्यांनी कात्रीने माझे दोन तुकडे केले. मुलगी खाली बसून ते जुळवून पाहू लागली. बाईही शेजारी बसल्या आणि तिचे हात धरून राहिल्या.

मित्रांनो, मला त्यांचा राग नाही. पण घरातलं कुणी असं आटत चाललं, तर नुसता कपडा आत घेऊ नका. त्या माणसाला जवळ घ्या, काय होतंय ते विचारा. माझ्या बाईंनी फार उशिरा विचारलं.