चढावरचा ठोकळा

मी ट्रकच्या चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा बोलतोय. गाडी चढावर उभी राहिली की मला मागच्या चाकाला टेकवतात, म्हणजे ती मागे येत नाही. एवढंच माझं काम.

माझ्या जन्मात मायेचा भाग कमीच. कुऱ्हाडीने पाडलं, करवतीने चिरलं. सुताराने एक बाजू तिरकी तासली, कडेला लोखंडी पट्टी ठोकली आणि ती पक्की बसली का हे बघायला मला भिंतीवर आपटलं. भिंतीचा पोपडा निघाला, तेव्हा तो खूश झाला.

माझा पहिला धनी एक म्हातारा ड्रायव्हर. त्याचा भाचाच त्याच्याकडे क्लीनर होता, म्हणून यार्डातले सगळेच त्याला मामा म्हणायचे. घरी मामा गोड बोलायचा. गाडीत हात चालवायचा. चढावर गाडीचा वेग मेला की भाच्याने उडी मारून मला चाकाला लावायचं. जरा उशीर झाला की कानाखाली बसायची.

"लावला की, मामा."

"लावलास. गाडी मागे आली असती तर तुला खरवडून घरी न्यावं लागलं असतं. तुझ्या आईला काय सांगू, डब्यात आणलाय म्हणून?"

भाचा गाल चोळत परत केबिनमध्ये चढायचा. पण मार खाऊन खाऊन माझी जागा त्याच्या अंगात भिनली होती. गाडी थांबताना तो झोपेत असला तरी त्याचा हात मला शोधायचा.

मग मामाची नजर कमी झाली आणि मालकाने गाडी भाच्याला दिली. पहिली फेरी, साखरेची पोती, लांबचा पल्ला. क्लीनर मिळाला नाही. मालक म्हणाला, "माल पूर्ण पोचला पाहिजे. एक पोतं कमी भरलं तर चावी इथे ठेवायची आणि परत झाडू घ्यायचा."

यार्डाच्या फाटकापाशी मामाने त्याला खाली बोलावलं.

"चढावर चोर चढतात. दोर कापतात, पोती फेकतात. तू थांबायचं नाहीस."

"आणि मालकाला काय सांगू?"

"सांगायला जिवंत तर राहशील?"

दुपारी मोठा चढ लागला. ऊन डोक्यावर, गाडी पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने चाललेली. मी सीटच्या मागे पडलो होतो. भाच्याने आरशात पाहिलं. ताडपत्री फडफडत होती. एकजण मालावर उभा राहून पोती खाली लोटत होता, दुसरा ती रस्त्याच्या कडेला ओढत होता.

भाच्याने गाडी थांबवली. इंजिन चालूच, गिअर काढलेला, नुसता हँडब्रेक ओढला. मला उचललं आणि खाली उडी मारली.

मला वाटलं, आता चाक. पण तो चाक ओलांडून मागे, चोरांकडे पळत गेला. आज तो ड्रायव्हर होता. ठोकळा लावणं क्लीनरचं काम, आणि क्लीनर नव्हताच.

वरचा चोर त्याच्या अंगावरच पडला. दोर कापायचा सुरा त्याच्या हातात होता. एका वाराने भाच्याची बाही फाटली आणि आतलं मांसही. दुसऱ्या चोराने मागून दगड घातला. भाचा गुडघ्यावर आला. मग त्याने मला दोन्ही हातांनी फिरवलं.

माझी लोखंडी कड सुरा धरलेल्याच्या नडगीवर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला फांदी मोडल्यासारखा ओळखीचा वाटला. तो मागच्या चाकाच्या मागे आडवा झाला. ते बघून दुसरा शेतात पळाला.

भाचा थांबला नाही. खांद्यावर मारलं, बरगडीवर मारलं. रक्त माझ्या रेषांमध्ये शिरलं, अजून आहे. खरं सांगतो, मला ते जड गेलं नाही. चाक धरताना सगळं अंग दाबलं जातं. मारताना काहीच लागत नाही.

"भाऊ, बस कर," तो माणूस म्हणाला. "पाय गेला माझा."

"पहिलीच फेरी होती माझी," भाचा म्हणाला. "पहिलीच." त्याने मला डोक्याच्या वर नेलं. आता कवटी.

तेवढ्यात हँडब्रेक सुटला. गाडीच्या पोटात खट् झालं आणि चाक मागे फिरू लागलं. खाली पडलेल्याने ते पाहिलं, पण मोडक्या पायाने सरकता येईना. भाचा नुसता उभा राहिला असता तरी चाललं असतं. कुणी विचारलंही नसतं.

त्याने विचार केला असं मला वाटत नाही. तो खाली बसला आणि वर उचललेला मी थेट चाकाखाली गेलो.

सगळा माल माझ्यावर आला. मी मधोमध तडकलो. चाक तिरक्या बाजूवर अर्धं चढलं आणि थांबलं. त्या माणसाचं डोकं आणि टायर यांत माझ्याएवढंच अंतर राहिलं होतं.

भाच्याने त्याला ओढून बाजूला घेतलं. मग त्याने कापलेल्या दोरानेच त्याची नडगी बांधली.

"मला कुठे नेतोस?"

"दवाखान्यात. गप बस."

चावी गेली. मालक म्हणाला, चोराला गाडीतून फिरवतोस आणि माझी पोती रस्त्यावर? भाचा आता दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनर आहे. मामा त्याला रोज फाटकापर्यंत सोडायला येतो.

मी यार्डाच्या कोपऱ्यात पडलोय. नवीन रबरी ठोकळे आलेत. चिरलेल्या लाकडावर गाडीचा भरवसा कोण ठेवणार? पण काल दोन हमाल भांडले, तेव्हा एकाची नजर माझ्याकडे वळली. त्याने मला हातात घेऊन तोलून पाहिलं, मग कुणीतरी हाक मारली म्हणून टाकलं.

धरायला मी आता कामाचा नाही. मारायला अजून चांगला आहे. म्हणून तुम्हाला विनवतो, इथून जाताना मला उचला आणि चहावाल्याच्या चुलीत घाला. लवकर घाला.