शून्य एक फूट खाली

बंधाऱ्यावरच्या खोलीत बसून बावीस वर्षं नदीचं पाणी मोजणाऱ्या माणसाला वरच्या गावात आणि खालच्या शहरात सगळे 'मीटर' म्हणत. काम साधं होतं. सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाला लोखंडी जिन्यानं खाली उतरायचं, भिंतीवरच्या मोजपट्टीवर पाणी कुठल्या रेघेला टेकलंय ते बघायचं, वर येऊन वहीत लिहायचं आणि शहराच्या पंपघराला फोन करायचा. वाऱ्यानं पाणी हलत असलं तर ते स्थिरावेपर्यंत मीटर पायरीवर उकिडवा बसून राही, पण अंदाजानं आकडा लिहीत नसे. कुणी सहज 'काय, बरं आहे ना?' विचारलं तरी हा 'चार फूट दोन इंच' सांगेल, अशी त्याची थट्टा होई. थट्टा करणारेही कबूल करत, की या माणसाचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ.

त्याचं लग्न झालं नव्हतं. वरच्या गावात थोरल्या भावाच्या घरी तो राही. भाऊ जाऊन बारा वर्षं झाली होती, आता घरात वहिनी आणि तो, दोघंच. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा हा सात वर्षांचा, आईविना पोर. तिनंच त्याचं नाक पुसलं, केस विंचरले, संध्याकाळी पाटी घेऊन बसवलं. तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती, पण त्याच्या शेजारी बसून आकडे तेवढे ती शिकली. साठीला टेकली तरी नदीकाठचा मळा ती एकटी कसायची. मळा चिंचोळाच, नदीपासून आत जेमतेम तीस पावलं. पण गाळाची जमीन, काळीभोर. तिथले कांदे आणि भोपळे शहरापर्यंत जायचे.

नदीची दशा तेव्हा वाईट होती. काठ ढासळत होते, शेतांतलं खत-औषध आणि गोठ्यांची घाण सरळ पाण्यात उतरत होती, आणि शहराच्या गाळणीघरात दर पंधरा दिवसांनी चिखल अडकून पाणी बंद व्हायचं. शहराचे लोक गावाला शिव्या घालत, गावाचे शहराला. अशात एका संस्थेच्या मॅडम आल्या. बोलणं मऊ, चिकाटी लोखंडी. दोन वर्षं त्या गावाच्या आणि शहराच्या मध्ये येरझाऱ्या घालत राहिल्या. कुणाच्या गोठ्यात बसल्या, कुणाच्या ओसरीवर, कुणी दारातून परत पाठवलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. शेवटी त्यांनी भागीदारी जमवून आणली. गावानं काठापासून तीस पावलं जमीन पडीक सोडायची, तिथं काठ धरून ठेवणारी वाळुंजाची झाडं आणि गवत वाढू द्यायचं, गुरं घालायची नाहीत. बदल्यात, उन्हाळ्यात बंधाऱ्याचं पाणी तीन फुटांच्या रेघेखाली गेलं की शहरानं पंप बंद ठेवायचे. कारण तीनच्या खाली पाणी गेलं की गावाच्या विहिरी तळ दाखवू लागत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शहराच्या शब्दावर गावाचा काडीचा विश्वास नव्हता. पण रेघ कोण बघणार, असा प्रश्न निघाला आणि मॅडम म्हणाल्या की मीटर बघतील, तेव्हा बैठकीतलं वातावरणच बदललं. मीटर सही करत असेल तर आम्हीही करतो, असं एकेक जण म्हणू लागला. चौदा जणांनी सह्या केल्या. राहिली वहिनी. इतरांच्या शेतांचा काठ जात होता, तिचं सगळं शेतच जात होतं.

मीटरनं तिला आठ दिवस समजावलं. एके दुपारी तिला बंधाऱ्यावर नेलं, हात धरून जिना उतरवला आणि तीनची रेघ दाखवली. रेघ बरोबर पाचव्या पायरीच्या काठाला होती. पाणी या पायरीच्या खाली गेलं, की मी फोन करणार आणि पंप थांबणार, असं त्यानं सांगितलं. वहिनीनं वरपासून पायऱ्या पुन्हा मोजल्या.

"नदीसाठी देत नाही मी, भाऊजी," ती म्हणाली. "शहरासाठी तर नाहीच नाही. तुम्ही मागता म्हणून देते."

तिनं अंगठा उमटवला.

पहिली तीन वर्षं सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं. वाळुंजाची रोपं माणसाच्या वर गेली. काठ धरून राहिले. चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला पाणी इतकं निवळलं, की बंधाऱ्यावरून तळातले गोटे दिसत. कुणीतरी पहाटे ऊद, म्हणजे पाणमांजर, बघितला म्हणे, आणि तो बघायला निम्मं गाव लोटलं. लांबलांबून पाहुणे येत, मॅडम त्यांना पट्ट्यातून फिरवत, आणि पाहुणे हमखास मीटरशी हात मिळवत. करारावर देखरेखीला गाव, शहर आणि संस्था यांची समिती होती, मीटरही तिचा सदस्य होता; तिनं बंधाऱ्यावर फलक लावला. त्याच्यावर शहराचं नाव होतं, संस्थेचं होतं, गावाचं जरा खाली होतं. वहिनी तेव्हा दुसऱ्यांच्या शेतांवर निंदणीला जाऊ लागली होती. मीटरला ते बघवत नसे. पण पाणी बघितलं की त्याचा ऊर भरून येई, आणि आपण हिला चुकीचं काही करायला लावलं नाही, असं तो स्वतःला सांगे.

त्या चौथ्या वर्षीचा उन्हाळा मात्र कडक निघाला. एका सकाळी पाणी तीनच्या अर्धा इंच खाली दिसलं. मीटरनं फोन केला. पंप थांबले. दोन दिवस शहराचे नळ कोरडे राहिले आणि तिसऱ्या दिवशी शहरात बोंबाबोंब झाली. चौथ्या दिवशी बंधाऱ्यावरच्या खोलीत पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर साहेब आणि मॅडम येऊन बसले. खोलीत खुर्ची एकच, ती साहेबांना दिली. मॅडम वह्यांच्या पेटीवर टेकल्या.

साहेबांनी फार सभ्यपणे मांडलं. काठ धरल्यामुळे नदीत नवा गाळ येत नाही. जुना गाळ वाहून गेला. म्हणजे नदीचा तळ खाली गेला. मोजपट्टीचं शून्य जुन्या तळाशी जुळवलं होतं, तेव्हा ते आता एक फूट खाली घ्यायला हवं. पट्टी गंजलेली आहेच, नवी बसवू. मीटरच्या लगेच ध्यानात आलं. शून्य फूटभर खाली गेलं, की आजचं दोन उद्या तीन होणार. विहिरींना तळाशी काय देणंघेणं, त्यांना पाणी कुठपर्यंत उभं आहे त्याच्याशी मतलब. त्यानं तसं बोलूनही दाखवलं. साहेब म्हणाले, विहिरी आमच्या खात्यात येत नाहीत.

ते पट्टी बसवणाऱ्या माणसांना बोलवायला गेले, तेव्हा मॅडम हळूच बोलल्या. शहर बाहेर पडलं तर करार संपला. खालच्या आठ गावांशी बोलणी चालू आहेत, ती सगळी या एका बंधाऱ्याकडे बघताहेत. एक उन्हाळा निभावून नेऊ, पावसाळ्यानंतर मी स्वतः हा विषय समितीपुढे आणते. आणि त्यांनी कागद पुढे केला.

"खोटं लिहायला कोण सांगतंय तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "नवी पट्टी नीट, सरळ बसवली आहे, एवढंच लिहायचंय. वाचून बघा."

मीटरनं कागद तीनदा वाचला. त्यात खरोखरच एवढंच होतं. संध्याकाळी पट्टी बसली तेव्हा त्यानं ओळंबा लावून बघितला. पट्टी काटेकोर सरळ होती. त्यानं सही केली. दुसऱ्या दिवशी सहाला तो खाली उतरला, वर आला आणि फोनवर 'तीन फूट अकरा इंच' म्हणाला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं आधी फोन केला आणि आकडा वहीत मागाहून लिहिला.

पंप रात्रंदिवस चालले. तीन आठवड्यांत पाणी दहा इंच उतरलं. गावात आधी वरच्या आळीच्या विहिरी आटल्या, मग खालच्या. पट्टीवर काय आहे, असं लोक विचारत आणि मीटर खरं तेच सांगे. तीनच्या वर आहे. मीटर सांगतोय म्हणून लोक गप्प बसत. यंदा जमिनीनंच पाणी ओढलं असेल, असं एकमेकांची समजूत घालत. हे ऐकलं की तो वाट बदले.

घरच्या विहिरीत बादली खडकावर आपटली, त्या दुपारी वहिनी बंधाऱ्यावर आली. त्यानं अडवायच्या आत ती जिना उतरली, कठड्याला धरून, एकेक पायरी मोजत. खाली पोचल्यावर तिनं नव्या पट्टीवरचा तीनचा आकडा शोधला. तो सहाव्या पायरीशी होता. पाणी त्याच्या जेमतेम इंचभर वर होतं.

"पायरी हलली का हो, भाऊजी?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग तीन हललं."

त्यानं मान खाली घातली. तळाचं, गाळाचं, आठ गावांचं सगळं त्यानं सांगितलं. सांगता सांगता त्याच्या ध्यानात आलं, की आपण साहेबांचेच शब्द वापरतोय. वहिनीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गावाला तुम्हीच सांगा. त्यांनी तुमच्या तोंडाकडे बघून दिलंय."

त्यानं चार दिवस घालवले. आज सांगू, उद्या सांगू, मॅडमना आधी फोन करू. मॅडम दौऱ्यावर होत्या. पाचव्या दिवशी गावातला गवंडी कशाला तरी बंधाऱ्यावर आला, त्याला भिंतीत जुन्या पट्टीच्या बोल्टांची भोकं दिसली आणि खिशातली टेप काढून त्यानं मोजलं. बरोबर बारा इंच. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आपल्या तोंडाला पानं पुसली, आणि पुसणारा आपल्याच घरातला निघाला, हे लोकांच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोयते निघाले. दोन दिवसांत चौदा शेतांचा पट्टा भुईसपाट झाला. चार वर्षांची वाळुंजं नदीत ढकलली गेली आणि काठाला थेट पाण्यापर्यंत नांगर लागला.

वहिनीचा पट्टा तेवढा उभा होता. तिसऱ्या दिवशी तिनं कोयता आणून मीटरपुढे ठेवला. "ठेवायचा की मोडायचा, तुम्ही सांगा," ती म्हणाली. "घेतला तुम्ही, मोडाही तुम्हीच." आपल्या एका तुकड्यानं आता नदीचं काही राखलं जाणार नव्हतं, आणि ती या वयात दुसऱ्यांच्या बांधावर वाकत होती. मीटरनं कोयता उचलला. कामाची सवय नव्हती, दुपारपर्यंत तळहात फुटले. वहिनी तोडलेल्या फांद्या ओढत राहिली.

मग समितीची बैठक झाली. शहरातल्या सभागृहात, लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. साहेबांनी छायाचित्रं दाखवली: तोडलेली झाडं, नांगरलेला काठ. गावानं करार मोडला हे उघडच होतं. गावातून कुणी आलंच नव्हतं. मीटर उठून उभा राहिला आणि त्यानं सांगितलं, की करार आधी पट्टीवर मोडला, मी तिथं हजर होतो, सही माझी आहे. मॅडम समोरच्या कागदाकडे बघत राहिल्या. आठवड्यानं इतिवृत्त हाती आलं. त्यात त्याच्या बोलण्याची एकच ओळ होती: 'एका सदस्याने मापनपद्धतीबाबत शंका उपस्थित केली.'

त्या पावसाळ्यात उघडा पडलेला काठ तग धरू शकला नाही. वहिनीनं नव्यानं लावलेला कांदा निम्म्या मळ्यासकट नदीत गेला. नदी पुन्हा चहासारखी झाली, गाळणीघर पुन्हा तुंबलं, आणि शहरानं या नदीपुढे हात टेकून डोंगरापलीकडच्या दुसऱ्या नदीवरून नळ आणायचं ठरवलं. बंधाऱ्यावरच्या खोलीला कुलूप लागलं. मीटरला शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत टपाल नोंदवायला बसवलं. गावात त्याच्याशी कुणी भांडलं नाही. फक्त तो आला की बोलणं थांबायचं.

वर्षभरानं मॅडमचा फोन आला. दुसऱ्या नदीकाठच्या गावांशी बोलणी सुरू होती आणि तिथल्या शेतकऱ्यांना प्रत्यक्ष अनुभव असलेला माणूस भेटवायचा होता. मॅडम म्हणाल्या, जे घडलं ते सगळं सांगा, मी अडवणार नाही. मागच्या वेळी मी चुकले. त्यांचा आवाज खरा वाटला, म्हणून तो गेला.

शाळेच्या एका वर्गात पंचवीस-तीस शेतकरी मुलांच्या बाकांवर अवघडून बसले होते. मीटरनं काहीही हातचं न राखता सांगितलं. वाळुंजं कशी वाढली, पाणी कसं निवळलं, शून्य कसं खाली सरकलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पण मोजणारा कोण होता तुमच्यात?"

"मी होतो."

मीटरनं सांगितलं, की मोजणी एकाच्या हाती देऊ नका. दोघे ठेवा, एक तुमचा, एक शहराचा, आणि रेघ दगडात कोरून घ्या. म्हाताऱ्यानं मान डोलावली. परतीच्या बसमध्ये मीटरला कितीतरी महिन्यांनी जरा डोळा लागला.

दीड महिन्यानं कचेरीच्या टपालात त्या नव्या कराराची प्रत आली. त्यानंच ती नोंदवून घेतली. गावांनी तीस पावलं दिली होती. दोन माणसांचं कलम शहरानं अव्यवहार्य म्हणून काढलं होतं, दगडातल्या रेघेचा उल्लेख कुठे नव्हता. मोजणीचं काम, त्यात लिहिलं होतं, सर्वांच्या विश्वासातल्या एका स्थानिक व्यक्तीकडे देण्यात आलं आहे.

मीटरनं कागदावर तारखेचा शिक्का मारला आणि तो साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.