जावयाची खोकी

"बाबा, अख्ख्या बंदरात तपासायला तुम्हाला ह्यांचीच खोकी सापडली?"

मुलीचा आवाज एवढा चढला होता, की कस्टम्सच्या गोदामात उभ्या असलेल्या तपासनिसाने फोन कानापासून लांब धरला.

"मी शोधायला गेलो नव्हतो गं. समोर आली."

खोक्यांवर लिहिलं होतं, 'फवारणीच्या ड्रोनचे सुटे भाग'. पाठवणारा त्याचा जावई. उघडून बघतो तर टाकी नाही, नळी नाही. होते ते अंधारात माणसाच्या अंगाची ऊब टिपणारे कॅमेरे. असा माल परवान्याशिवाय देशाबाहेर जात नाही. गेला, तर भलत्याच वाटेने शत्रूकडे पोचतो आणि मग आपल्याच चौक्यांवर घिरट्या घालतो. तपासनिसाने खोकं बंद केलं होतं आणि सरळ साहेबांपुढे जाऊन सांगितलं होतं, "माल माझ्या जावयाचा आहे. पुढची तपासणी दुसऱ्या कुणाकडे द्या. पण सोडू नका."

"गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?" मुलगी रडकुंडीला आली होती. "कारखाना बंद पडेल. ह्यांना आत टाकतील."

"माल कुठे जाणार, ते जावयांना माहीत होतं?"

"बागांसाठी हवाय, असं गिऱ्हाईक म्हणालं होतं."

"अंधारात कसली बाग बघतात, पोरी?"

तिने फोन ठेवून दिला.

घरी बायको ताटं उचलताना एवढंच म्हणाली, "केलंत ते बरोबरच केलंत. पण आज मला तुमचं तोंड बघवत नाही."

त्यानंतर त्याचा जीव टांगणीला लागला. चौकशी दुसऱ्याकडे, त्यामुळे विचारायची सोय नव्हती. साहेबांच्या केबिनचं दार वाजलं, की तो हातातलं काम सोडून तिकडे बघायचा.

रविवारी सकाळी जावई दारात उभा. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. आत येऊन तो धपकन खुर्चीत बसला.

"सुटलो, बाबा."

बायकोने पदर तोंडाला लावला.

"माल नक्की कुठे वापरणार ते लेखी द्या, असं सरकारने गिऱ्हाइकाला सांगितलं. त्या दिवसापासून त्याचा फोन बंद. त्याच्या पत्त्यावर म्हणे एक कुलूपबंद सलून आहे." जावयाने चेहऱ्यावरून हात फिरवला. "टाक्या नकोत, नुसते कॅमेरे द्या, म्हणाला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. पण ऑर्डर मोठी होती. मी विचारलंच नाही."

"आणि आता?"

"मी फसलो, हे त्यांना पटलंय. दंड भरायचाय. कारखाना चालू राहील. पण तो माल गेला असता, बाबा, तर..."

"गेला नाही ना? मग झालं," बायको म्हणाली. "जावईबापू, आधी चहा घ्या."

तपासनिसाने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. मग त्याला दिसलं, उघड्या दाराबाहेर मुलगी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती.

"आत ये की."

"सँडलचं बक्कल अडकलंय," ती खाली बघत म्हणाली.

तो बाहेर गेला, गुडघा धरून हळूहळू खाली बसला आणि बक्कल सोडवू लागला. तोल सांभाळायला तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बक्कल सुटलं. हात तिथेच राहिला.