पूर्णिमाचं फ्रेंच आणि माझा नवस

"नू पार्तीम, वू पार्तीत, इल पार्तीर."

पूर्णिमा भाकरी थापत होती आणि परातीतल्या पिठाशी हे असलं काहीतरी पुटपुटत होती. मी शेजारी स्टुलावर बसून लसूण सोलत होते.

"काय म्हणलीस?"

"काय न्हाय आक्का. फ्रेंच. क्रियापदं पाठ करायलोय."

"अगं, पर अर्थ काय त्येचा?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "आम्ही निघालो. तुम्ही निघालात. ते निघाले."

घ्या! मनात असतं तेच तोंडात येतं म्हणतात ते काही खोटं नाही. मी गप लसूण सोलत राहिले, पण लक्ष कशाचं लागतंय? भाकरी टम्म फुगली तरी ही बाई निघालो-निघालातच करत होती.

पूर्णिमा माझी सून. विश्वजितची, माझ्या एकुलत्या एका पोराची बायको. कोरोनात विश्वजित गेला तेव्हा त्यांची लेक मोना अंगणवाडीत होती. माहेरचे न्यायला आले, तर पूर्णिमा म्हणाली, "मी इथंच बरी हाय." एका खासगी दवाखान्यात ती नर्स आहे. मी शिवाजी पेठेत खाली चटणी कुटायचा डंक चालवते आणि वरच्या मजल्यावर आम्ही तिघी राहतो. जन्मभर डंकापुढं उभी राहून मिरच्या कुटल्या, आता गुडघे बोंबलतात. जिना उतरायचा म्हटलं की पूर्णिमाचा खांदा लागतो. तेवढं सोडलं तर मला कुणाच्या बापाचं भय नाही. भय एकच, ह्या दोघी गेल्या तर काय.

हे भय माझ्या डोक्यात घातलं अंबूबाईनं. समोरच राहते. चटणी न्यायला आली होती आणि पूर्णिमाचा क्लास कळल्यावर कपाळाला हातच लावला तिनं.

"फ्रेंच शिकतीया? आक्के, मग चालली ती क्यानडाला! माझा भाचा सम्राट तसाच गेला की. आधी फ्रेंच, मग पासपोर्ट, मग एअरपोर्टवर फोटो. आन् नर्सला तर तिकडं पायघड्या घालत्यात."

"आमची तसली न्हाय."

"कुणाचीच तसली नसती बाई," अंबूबाई म्हणाली आणि चटणी घेऊन गेली.

झालं. तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली. मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले आणि बघावं तिथं पाणी मुरत होतं. पूर्णिमानं मोनाचे फोटो काढून आणले. "शाळेत पायजेत," म्हणाली. मोनाला एक जाडजूड स्वेटर आणला. कोल्हापुरात एवढा स्वेटर कशाला, म्हशीला घालायला? फोन आला की ही गॅलरीत जाऊन बोलायची. मी मोनाला पेढा देऊन विचारलं, "आई कुठं जायचं म्हणती काय गं?" ती कार्टी पेढा खाऊन "मला न्हाय म्हाईत" म्हणाली आणि पळाली.

शेवटी मी अंबूबाईला घेऊन नृसिंहवाडी गाठली. दत्ताच्या पादुकांपुढं डोकं टेकलं आणि सरळ नवस बोलले. देवा, हिचं कागद कुठंतरी अडीव. पोरगी माझ्याजवळ ठेव. मी घाट उतरून येईन, नदीचं पाणी माझ्या हातानं भरून आणून तुला घालीन. गुडघ्यांचं हे असं असताना घाटाचा नवस! पण देवाला सोपं द्यायचं आणि अवघड मागायचं, हा व्यवहार मला जमत नाही.

उन्हाळा सरला. गॅलरीतले फोन बंद झाले. मला वाटलं, आता दवाखान्यातून बोलत असेल. मग पूर्णिमानं तो स्वेटर अंबूबाईच्या नातीला देऊन टाकला. मी म्हटलं, तिकडं गेल्यावर नवा घेणार असेल. क्लास मात्र चालूच होता. आणि आता तर पार्तीम-पार्तीत, आम्ही निघालो! म्हटलं, बास. आता मुळाशीच जाऊया.

ती ड्युटीला गेल्यावर मी डब्यात कांदा-लसूण चटणी भरली, जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी बसत उतरले आणि रिक्षानं राजारामपुरीत तिच्या क्लासला गेले. नशीब, क्लास तळमजल्यावर होता. संयोगिता मॅडम एकट्याच पेपर तपासत बसल्या होत्या.

"मी पूर्णिमाची सासू. चटणी द्यायला आलतो."

मॅडमनी खुर्ची दिली, पाणी दिलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. मी विचारलंच, "म्याडम, ती घरात पार्तीम पार्तीम म्हणती. क्यानडात तसंच बोलत्यात काय?"

मॅडम हसल्या. "नाही हो आजी. तसं कुणीच बोलत नाही, ना कॅनडात ना फ्रान्सात. तो नुसता पुस्तकातला भूतकाळ आहे. पोथीत नाही का, 'राजा बोलता झाला, ऋषी निघते झाले'? पण आपण घरात म्हणतो का, मी बाजारात जाती झाले?"

"मग तिकडं जायला ह्येचा उपयोग?"

"काही नाही. वाचायला उपयोग."

मला असं हलकं वाटलं! सुंठीवाचून खोकला गेला. उठायला लागले, तर मॅडम पुढं म्हणाल्या, "जायला बोलायचं फ्रेंच लागतं. ते तर तिचं केव्हाच झालं. परीक्षेत उत्तम पास झाली. तिकडच्या हॉस्पिटलचं बोलावणंसुद्धा आलं होतं उन्हाळ्यात. तुम्हाला बोलली नाही?"

मी परत खाली बसले.

"तिनं नाही म्हणून कळवलं. मी रागावले तिला. एवढं रात्रंदिवस घासलंस, मुलीचं भलं झालं असतं. तर म्हणाली, आक्कांचे गुडघे गेलेत. मी गेले तर त्यांना जिना कोण उतरवणार? आठ-दहा दिवसांनी परत येऊन वर्गात बसली. म्हणाली, आता जायचं नाही, तर पुस्तकातलं शिकवा. मोनाला गोष्टी तरी वाचून दाखवीन."

"आन् ते बोलवणं आता परत यायचं न्हाय?"

"येईल की. नर्स हव्याच आहेत त्यांना. पुन्हा अर्ज करायला पाहिजे. पण ती करायची नाही."

रिक्षात बसले तेव्हा खरं तर मी पेढे वाटायला हवे होते. देव पावला होता. कागद अडले होते, पोरगी माझ्याजवळ राहिली होती. आणि मला मात्र रडू आवरेना. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, चटणी डोळ्यात गेली काय?" मी म्हटलं, "तू पुढं बघून चालीव."

देवाला काय सांगितलं होतं मी? कुठंतरी अडीव म्हटलं होतं. देवानं लांब कशाला जावं? माझेच गुडघे आडवे घातले.

तरी नवस तो नवस. फेडला नाही तर देव सोडत नाही. पुढच्या रविवारी पूर्णिमाला सुट्टी होती. मोनाला अंबूबाईकडं ठेवलं आणि आम्ही दोघी एसटीनं वाडीला गेलो. घाट उतरताना तिचा खांदा होताच. "दमानं आक्का, पायरी ओली हाय," असं प्रत्येक पायरीला म्हणत तिनं मला पाण्यापर्यंत नेलं. मी वाकून तांब्या भरला.

"कशाचा नवस बोललासा ओ?" पूर्णिमानं विचारलं.

कृष्णामाई समोरून वाहत होती. तिच्या काठावर खोटं बोलू नये म्हणतात. पण खरं बोलून पोरीच्या पदरात काय पडणार होतं? तिनं माझ्यापायी जे सोडलं, ते तिच्या हातून सुटावं म्हणूनच मी नवस बोलले होते, एवढंच तिला कळलं असतं.

"गुडघ्याचा," मी म्हटलं.

"आन् बरं झालं?"

"झालं की. न्हायतर फेडायला कशाला येतोय मी?"

"मग आत्ता उतरताना माझा खांदा मोडायला आलता तो?"

"ती सवय गं. सवयीला औषध न्हाय." मी पदर खोचला. "तू हो बाजूला. मी जातो माझी."

"आक्का, खुळ्यागत करू नका."

"हात लावलास तर बघ!"

तांब्या धरून मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि गुडघ्यात अशी कळ गेली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. मी हसले. दुसरी पायरी चढले. मनात म्हटलं, महाराज, तुमचं पाणी तुम्हाला घातलं की आपला व्यवहार मिटला. आता हिचं कागद सोडा. आणि सोडायचं नसेल, तर निदान मला वरपर्यंत पडू देऊ नका.

अर्ध्या घाटावर दम घ्यायला थांबले. मागं न बघताच विचारलं, "तो क्यानडाचा अर्ज पुन्हा करता येतो काय गं?"



"तुमाला कुणी सांगितलं?" तिनं मागून विचारलं.

"कुणी का सांगीना. येतो का न्हाय?"

"येतो."

"मग कर. मोनाला स्वेटर घे दुसरा. पयला देऊन बसलीस खुळ्यागत."

ती रडत होती बहुतेक. मी बघितलं नाही. बघितलं असतं तर मी तिथंच बसले असते आणि जाऊ नको म्हणाले असते, माझा काही भरवसा नाही. मी पुढची पायरी चढले, मग त्याच्या पुढची. तांब्यातलं पाणी हिंदकळत होतं, पण सांडू दिलं नाही.

ऊन पाठीवर होतं. पायरीवर माझी सावली पडली होती आणि तिला लागून पूर्णिमाच्या हाताची. माझ्या कमरेशी तिनं हात धरला होता, जरासा लांब, टेकू न देता. वर देवळाच्या फरशीवर पोहोचेपर्यंत तो तसाच होता.