शेवटच्या फडाचे बारे

मित्रांनो, मी एक जुने फावडे आहे. पाते निम्मे झिजले आहे, पण तोंड अजून चालते, तेव्हा थोडे ऐकून घ्या.

पिंपळनेरच्या कय्युम लोहाराने ट्रकच्या मोडलेल्या कमानपाट्यापासून मला घडवले. बाभळीचा दांडा बसवून तो म्हणाला, "नथ्थूभाऊ, ये तुमसे पहले नहीं थकेगा."

नथ्थूभाऊ आमच्या गावाचे पाटकरी. पांझरा नदीवरच्या दगडी बंधाऱ्यातून पाट निघतो. त्याचे पाणी पाळीपाळीने शेतांत सोडायचे, हे त्यांचे काम. प्रत्येक शेताच्या तोंडाशी मातीचे बारे असते. ते मी फोडायचो आणि शेत भिजले की मीच बुजवायचो. शेतमालकाने स्वतः बाऱ्याला हात लावायचा नाही, असा गावाचा दंडक होता. त्यामुळे लहानमोठे सगळेच माझी वाट बघत. खोटे कशाला बोलू, मला त्याचा भारी तोरा होता.

पुढे पावसाचेच बिनसले. पूर्वी तो चार महिने पुरवून पुरवून पडे. मग आषाढ कोरडा जाऊ लागला आणि भादव्यात एका दिवसात सगळा कोसळून पाट गाळाने भरू लागला. गाळ उपसून उपसून माझी धार गेली. उन्हाळ्यापर्यंत वाहणारी पांझरा दिवाळीपासूनच आटू लागली. पाटकऱ्याला खळ्यावर धान्य मिळे, तेही निम्मे झाले.

१९९१ च्या हिवाळ्यात गाव चावडीत बसले. पाटाखाली शेतांचे तीन गट होते, त्यांना फड म्हणत. शेवटच्या फडाचे पाणी तोडायचे आणि वरचे दोन तरी जगवायचे, असे ठरले. त्या शेवटच्या फडात यशोदाअक्कांचा गहू होता. नवरा नाही, मुलगा नाही, पदरात दोन नाती. गव्हाच्या ओंब्या अजून पोटऱ्यांतून बाहेर पडायच्या होत्या. नथ्थूभाऊ बाऱ्यावर माती ओढू लागले, तेव्हा त्या बांधावर आल्या.

"नथ्थू, गहू पोटरीमा शे. येकच पानी दे."

"अक्का, बठ्ठा गावनी ठरायेल शे. मना हातमा काय शे?"

त्यांच्या हातात मी होतो.

त्या सायंकाळी भाऊ मला बाऱ्यावरच टाकून घरी गेले. वीस वर्षांत ते मला कधी विसरले नव्हते. पाटात टीचभर पाणी होते. दोन घाव घातले असते, तर गहू भिजला असता. उचला अक्का, उचला मला, असे मी मनातल्या मनात म्हणत होतो.

सकाळी अक्कांनी मला उचलले आणि थेट नथ्थूभाऊंच्या दारात आणून ठेवले. "तुनं फावडं राही गयं," एवढेच त्या बोलल्या. भाऊंना मान वर करवेना. पंधरा दिवसांत गहू उभ्याउभ्या वाळला. मला आजही त्याची लाज वाटते.

पुढच्या वर्षी पाटाला पाणीच आले नाही. मग पाटकरी ठेवून काय करायचे? दिवाळीनंतर ऊसतोडीला नेणारा ट्रक गावात आला. भाऊ मला खांद्यावर घेऊन आले, तर मुकादम म्हणाला, "फावडं काय करशी? तठे कोयता लागस." भाऊंनी मला पाराला टेकवले. ट्रकमध्ये नातींना घेऊन यशोदाअक्का आधीच बसल्या होत्या. त्यांना बघून भाऊंचा पाय चढेना. अक्कांनी गाठोडे मांडीवर घेऊन जागा केली.

"ये भाऊ, आठे बस."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कमी पाणी कुणाला द्यायचे आणि कुणाचे तोडायचे, हे ठरवायला तुम्हीही चावडीत बसाल. तेव्हा शेवटच्या शेतावरच्या माणसाला आधी बोलावून घ्या. आमच्या गावाने अक्कांना बोलावलेच नव्हते.