अर्ध्या तासाचं लातूर

मित्रांनो, मी एक जुना, तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा. जुना असलो तरी माझी कडी अजून खटकन बसते, हे आधीच सांगून ठेवतो. देगलूरच्या भांड्यांच्या दुकानात माझ्या पोटावर टकटक करून 'महादेवी' हे नाव कोरलं आणि तिच्या लग्नात मी नांदेडला आलो. तिचे सासरे मडिवाळप्पा यांचं जेवण मी कितीतरी वर्षं दुकानात पोचवलं. "ह्या डब्यातली आमटी सांडत न्हाई," असं ते गिऱ्हाइकांनाही सांगत. पुढे घरात रंगीत प्लास्टिकचे डबे आले आणि माझ्यात जुनी बटणं भरून मला माळ्यावर ठेवलं.

मग महादेवीची थोरली, वर्षाराणी, क्लाससाठी लातूरला गेली. थोड्याच दिवसांत तिचा रडत फोन आला.

"आई, मला इथं करमत न्हाई. घास उतरत न्हाई. मी परत येते. क्लास बास!"

धाकट्याच्या अंगात ताप. महादेवीला निघता येईना.

"मी डबा लावून देते, बाळा. पोटभर जेव, मग ठरव. यायचंच असलं तर उद्या डब्यासंगं ये. मी रागवणार न्हाई."

बटणं बाहेर, मी खाली!

मडिवाळप्पांनी मोबाइलमध्ये नांदेड ते लातूर किती वेळ, ते बघितलं.

"महादेवी, अर्धा तास!"

"मामा, गाडीला तर लई वेळ लागतो म्हणतात."

"नवीन रोड झालाय आता. मोबाइल काय लबाडी करून राहिला?"

लेक एवढी जवळ असावी असं महादेवीलाही वाटतच होतं. तिनं वाफाळता वरणभात भरला, वर तूप सोडलं. खालच्या कप्प्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

एसटीच्या कंडक्टरनं मला इंजिनाजवळ ठेवलं. लोहा, अहमदपूर, चाकूर करत गाडी लातूरला पोचली तेव्हा दुपार कलली होती. मी एक थेंब सांडू दिला नाही. पण आतल्या वाफेला मी काय करणार?

खोलीवर वर्षाराणीनं झाकण काढलं आणि नाकच धरलं. लगेच फोन.

"आई, वरण आंबलंय!"

"अगं, आज्जा म्हणाले अर्धा तासच लागतो."

"आज्जाला दे. आज्जा, ते विमानाचं हाय! बाजूला एवढं विमान काढलंय, दिसलं न्हाई?"

"तरी म्हणलं," आज्जा म्हणाले, "आपली यष्टी कधीपासून उडायला लागली!"

वर्षाराणी हसली. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग हसता हसताच भाकरी-चटणी तिनं तुकडाही न ठेवता संपवली.

दुसऱ्या दिवशी नांदेडच्या स्टँडवर महादेवी गाडीच्या दाराशी उभी होती. एकेक माणूस उतरलं. वर्षाराणी उतरली नाही. कंडक्टरनं मला महादेवीच्या हातात दिलं. तिनं तिथंच कडी काढली.

आत मूठभर साखर. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, एवढं ती पोर लातुरातही विसरली नव्हती.

"राहिली गं बाई माझी," महादेवी पुटपुटली. चिमूटभर साखर तिनं तोंडात टाकली आणि डोळे पुसले.

मित्रांनो, घरापासून लांब राहत असाल तर आलेला डबा घासूनपुसून परत पाठवा. झाकण काढताना घरी कोणीतरी श्वास रोखून उभं असतं.